अंजनाचं बी आणि युरियाची गोणी: बालाघाटातल्या एका बियाणे प्लॉटचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे शेत बालाघाटाच्या माथ्यावर आहे, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेजवळ. दोन एकर बरड. फूट-सव्वा फूट माती, खाली मुरूम. या शेतकऱ्याला मी इथे नाना म्हणतो. त्यांच्या सूनबाई शेताची वही ठेवतात आणि या लेखातले सगळे आकडे त्या वहीतले आहेत. गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील मुद्दाम गाळले आहेत. मी परिसरातल्या शेतकरी गटांसोबत चारा आणि गवत-बियाण्याचं काम करतो. नानांच्या शेतात जे बिघडलं त्यात माझ्या सल्ल्याचा मोठा वाटा होता, म्हणूनच हे सविस्तर लिहितो आहे.

मराठवाड्यात चारा म्हटलं की लोकांना छावण्या आठवतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच उन्हाळ्यात आमच्याकडची जनावरं छावणीच्या दावणीला होती. त्यानंतर पाणलोटाची कामं करणाऱ्या गटांनी माळरानावर गवत लावायला घेतलं आणि गवताचं बी मिळत नाही, हे कळून आलं. ज्वारी-मक्याचं बी दुकानात हवं तितकं मिळतं. अंजन, मारवेल, पवना या गवतांच्या बियाण्यासाठी मात्र महिनोन्महिने वाट पाहावी लागते.

नानांकडे चार देवणी जनावरं आहेत. बरडावर तुरीचा मेळ बसत नव्हता. झाशीच्या भारतीय गवत व चारा संशोधन संस्थेकडून आलेल्या अंजनाच्या वाणाचं थोडं बी गटाला मिळालं होतं. नानांनी ते दोन्ही एकरांत लावलं. अंजन बहुवर्षायू आहे. मुळं खोल जातात आणि पाऊस ओढ देतो तेव्हाही ठोंब जीव धरून राहतो. बी अगदी हलकं असतं, खोल पडलं तर उगवत नाही. म्हणून ओली माती, शेण आणि बी एकत्र मळून, गोळ्या करून, पुनर्वसू नक्षत्रात ओळीने वरवर टाकलं. खत म्हणून एकरी एक गोणी सिंगल सुपर फॉस्फेट, दोन एकरांत मिळून युरियाची एकच गोणी आणि जमेल तितकं शेणखत, एवढंच दिलं.

पहिल्या हंगामात साफ केलेलं ५२ किलो बी निघालं. बी विकत घेणाऱ्या गटाने सत्यप्रत बियाणे (प्रमाणीकरण न केलेलं, उत्पादकाच्या हमीवर विकलं जाणारं) म्हणून ते उचललं आणि पुढच्या वर्षी जास्त द्या, असं सांगितलं. सूनबाईंनी त्यातलं मूठभर बी काचेच्या बाटलीत भरून, वर चिठ्ठी लावून ठेवलं. ते पुढे फार कामाला आलं.

अडचण

पहिल्या हंगामानंतर माती तपासली. सामू (पीएच) ८.२, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के, उपलब्ध नत्र हेक्टरी १६८ किलो. हेक्टरी २८० किलोच्या खाली नत्र असलं की अहवालात 'कमी' असा शेरा येतो, तो आला. मी शेरा वाचला आणि नानांना सांगितलं, "नत्र कमी आहे. युरिया एकदम देऊ नका, भागून द्या. तीन वेळा द्या."

चाऱ्यासाठी हा सल्ला ठीक आहे. चाऱ्याच्या गवताला दर कापणीनंतर नत्र दिलं की पाला वाढतो आणि आपल्याला पालाच हवा असतो. नानांना हवं होतं बी, आणि मी दोन्हींना एकच माप लावलं.

नानांनी मृगाच्या पावसावर एकरी एक गोणी दिली, जुलैअखेर चारा कापल्यावर दुसरी, आणि सप्टेंबरच्या मध्यावर, गवत निसवत असताना, म्हणजे कणसं बाहेर पडत असताना, तिसरी. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे गोणीमागे २०.७ किलो. एकरी ६२ किलो नत्र गेलं, हेक्टरी धरलं तर दीडशे किलोच्या वर. पाणी देण्याची सोय नसलेल्या मुरमाड जमिनीत ते फार झालं. सहा गोण्यांचा खर्च मात्र २६६ रुपये ५० पैशांच्या दराने सोळाशेच्या आतच होता. युरिया महाग असता तर नानांनीही दोनदा विचार केला असता आणि मीही.

गवत कमरेपर्यंत आलं. रस्त्याने जाणारा थांबून बघायचा. उत्तरा नक्षत्रातल्या पावसात मात्र ते ठोंबाच्या मधून फाकलं आणि जागोजाग लोळलं. खालच्या कणसांना बुरशी आली. एका ठोंबात एकाच दिवशी सुकून गळणारं कणीस, फुलोऱ्यातलं कणीस आणि पोटरीतली काडी (कणीस अजून पानाच्या आवरणात असलेली), तिन्ही सापडायची. बायका ओटी बांधून बी ओरपायला आल्या की आज नेमकं काय ओरपायचं, हाच प्रश्न असायचा. कोवळं ओरपलं तर पोचट, थांबलं तर पिकलेलं मातीत.

तरी वजन भरलं. साफ करून ५८ किलो झालं, पहिल्या वर्षापेक्षा सहा किलो जास्त. नाना खूश होते. डिसेंबरात घेणाऱ्या गटाने उगवण पाहिली, शंभरातली ९ उगवली. माल परत आला.

"गवत तर आवंदा लई जोरात होतं साहेब," नाना म्हणाले, "मग बी कुठं गेलं?"

कारणांचा शोध

तीन गोष्टी एकात एक गुंतल्या होत्या आणि त्या सोडवायला आम्हाला उन्हाळा लागला.

पहिली गोष्ट, ताजं अंजन झोपलेलं असतं. काढणीनंतर काही महिने सुप्तावस्था टिकते, त्यामुळे डिसेंबरातली उगवण कमीच येणार. पहिल्या हंगामाचं बी गटाने थेट पुढच्या पावसाळ्यात पेरलं होतं, मधे कोणी तपासलंच नव्हतं. म्हणून हा प्रश्न तेव्हा दिसला नाही. मे महिन्यात परत आलेल्या मालाची उगवण पुन्हा पाहिली, १९ आली. ९ वरून १९ म्हणजे काही बी झोपलेलं होतं हे खरं. पण १९ सुद्धा विकण्यासारखी नव्हती.

दुसरी गोष्ट दाण्याची. अंजनात आपण ज्याला बी म्हणतो ते खरं तर केसाळ बोंड असतं. आत एक ते चार कणिशकं असतात आणि त्यांत दाणा भरलेला असेल किंवा नसेल. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. सूनबाईंनी शंभर बोंडं मोजली, भिजवली आणि सुईने एकेक उघडली. ३१ बोंडांत दाणा होता, बाकी ६९ फोल. मग त्यांनी बाटलीतलं पहिल्या वर्षाचं बी काढलं आणि त्यातली शंभर उघडली. ५७ भरलेली. ही मोजणी अर्ध्या दिवसाची. सुई, ताटली आणि चांगला उजेड एवढंच लागतं. गवताचं बी काढणाऱ्या प्रत्येक घरात वजनकाट्याच्या आधी ही मोजणी व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. ५८ किलोत निम्म्याहून जास्त भुसाच होता आणि काट्याने तो दाखवला नाही.

नत्राचा संबंध इथे येतो. गवताच्या ठोंबात फुटवे एकामागून एक येत राहतात. हंगामाच्या सुरुवातीला नत्र मिळालं की फुटवे वाढतात आणि ते वेळेत कणसात येतात. उशिरा मिळालं की नवे फुटवे निघतात, पाला वाढतो, सावली पडते आणि काड्या लांब होऊन लोळतात. झाडाने जे अन्न दाण्यात घालायचं, ते कोवळ्या पात्यांकडे वळतं. नानांचा सप्टेंबरचा डोस अगदी त्या वळणावर पडला होता. तीन वेळा खत दिल्यामुळे फुटव्यांच्या तीन पिढ्या एका ठोंबात नांदत होत्या.

तिसरी गोष्ट मला ओरपणाऱ्या मावशींनी सांगितली, तीही मी विचारल्यावर. त्या वर्षी काम उक्तं दिलं होतं, किलोमागे पैसे. "किलोवर दिलं तर हिरवं बी ओरपावंच लागतं की. हिरव्याला वजन असतंय," त्या म्हणाल्या. त्यांनी काही लपवलं नव्हतं, आम्हीच कधी विचारलं नव्हतं. पहिल्या वर्षी काम रोजाने होतं. म्हणजे ३१ आणि ५७ मधल्या फरकाचं सगळं खापर युरियावर फोडता येत नव्हतं.

समोरचे पर्याय

मृगाच्या आधी नानांच्या ओसरीवर बसलो. नानांचा पहिला विचार युरिया पूर्ण बंद करण्याचा होता. "पहिल्या वर्षी नावालाच होता, तरी बी आलं." त्यात तथ्य होतं. पण पहिल्या वर्षी तुरीचं बेवड (आधीच्या पिकाने जमिनीत ठेवलेला कस) आणि शेणखत होतं. तिसऱ्या वर्षी जुन्या ठोंबांची मुळं मातीतलं नत्र धरून बसतात, तेव्हा नुसत्या जमिनीच्या जोरावर कणसं किती निघतील याची मला शंका होती.

सूनबाईंनी ओळींच्या मधे स्टायलो लावू का, असं विचारलं. शेंगवर्गीय चारा हवेतलं नत्र धरतो आणि जनावरंही आवडीने खातात. चराऊ कुरणात अंजन आणि स्टायलोची जोडी उत्तम आहे. बियाण्याच्या प्लॉटात मात्र दोन्हींचं बी एकमेकांत मिसळतं, आणि स्टायलोचं नत्र गवताला मिळायला वेळ लागतो. तो विचार बांधापुरता ठेवला.

बियाणं सोडून नुसता चारा विकावा, हेही बोलून झालं. जवळ मोठी डेअरी नाही आणि हिरवा चारा उचलून न्यायला कोणी माळावर चढत नाही. तो विषय तिथेच संपला.

चौथी वाट अशी: ऑगस्टमध्ये चाऱ्याची एक शेवटची कापणी घ्यायची, त्यानंतर शेत बियाण्यासाठी राखायचं, आणि सगळं नत्र त्या कापणीच्या पाठोपाठ एकदाच द्यायचं. कापणीने सगळे ठोंब एका पातळीवर येतात. त्याच वेळी नत्र मिळालं की फुटवे एकाच वेळी निघतात आणि कणसं थोड्याफार फरकाने सोबत येतात. उष्ण प्रदेशातल्या गवतांच्या बीजोत्पादनात ही रुजलेली पद्धत आहे. मी ती वाचली होती, आमच्या जमिनीवर कधी केली नव्हती. आम्ही तिला राखणीची कापणी म्हणू लागलो.

वाद तारखेवर झाला. अंजन कापणीनंतर सहा-सात आठवड्यांत निसवतं आणि पुढे तीन-चार आठवड्यांत बोंडं सुटायला लागतात. जुलैमध्ये कापलं तर बी सप्टेंबरच्या पावसात सापडतं आणि आमच्याकडे सप्टेंबरचा पाऊस जोराचा असतो. ऑगस्टच्या शेवटी कापलं तर बी कोरड्या हवेत पिकतं, पण फूटभर मातीतली ओल ऑक्टोबरअखेर पुरेल याची खात्री नाही. नानांना चारा लवकर हवा होता. मला पाऊस टाळायचा होता. आश्लेषा नक्षत्र, ऑगस्टचा दुसरा आठवडा, यावर एकमत झालं.

किती नत्र द्यायचं, यावर मी पक्का आकडा दिला नाही. एकदा चुकलो होतो. दोन एकरांचे वीस-वीस गुंठ्यांचे चार पट्टे पाडू आणि शेतालाच विचारू, असं ठरलं.

निर्णय आणि कृती

पहिला पट्टा बिनयुरियाचा. दुसऱ्याला एकरी एक गोणीच्या हिशेबाने युरिया, एकदाच. तिसऱ्याला एकरी दोन गोण्या, एकदाच. चौथ्यालाही एकरी दोन गोण्याच, पण निम्मा कापणीनंतर आणि निम्मा पोटरीत. चौथा पट्टा नानांच्या आग्रहाने ठेवला. "भागून दिलेलं वाया जात नाही, असं आमचे वडील म्हणायचे," ते म्हणाले. तोच सल्ला मीही दिला होता, त्यामुळे तो तपासणं रास्त होतं. सुपर फॉस्फेट जूनमध्ये चारही पट्ट्यांना सारखं दिलं.

९ ऑगस्टला गवत जमिनीपासून चार-पाच बोटं ठेवून कापलं आणि कापलेलं सगळं त्याच दिवशी उचललं. ते ठोंबांवर पडून राहिलं तर खालचे फुटवे पिवळे पडतात.

आणि पाऊस थांबला. माती वरून भुरभुरीत झाली. युरियाच्या गोण्या ओसरीत पडून. चौथ्या दिवशी नानांचा फोन आला, "टाकून देऊ का? पाऊस येणारच हाय." कापणीनंतर लगेच नत्र, हाच तर या पद्धतीचा गाभा. उशीर झाला तर फुटवे आपापल्या वेळेने निघणार. दुसरीकडे, आमच्या जमिनीचा सामू आठच्या वर आणि मातीत चुनखडी. कोरड्या मातीवर पडलेला युरिया दवाने जेमतेम विरघळतो, त्याचा अमोनिया होतो आणि अशा जमिनीतून तो हवेत निघून जातो. निंबोळी लावलेला युरिया उडत नाही, असं दुकानांत सांगितलं जातं. निंबोळीने अमोनियमचं नायट्रेट होण्याचा वेग कमी होतो, वर पडलेल्या युरियातून अमोनिया उडणं थांबत नाही. अमोनियम सल्फेट आणू का, हेही नानांनी विचारलं. चुनखडीच्या जमिनीत त्यातूनही अमोनिया उडतो. मी थांबायला सांगितलं. ते दिवस मला जड गेले. फुटवे डोळ्यांदेखत वर येत होते आणि खत घरात होतं.

मघा नक्षत्राच्या पहिल्या पावसाने १७ तारखेला जमीन भिजली. १८ ऑगस्टला संध्याकाळी वाफशावर, म्हणजे माती कामाजोगी ओली असताना, ओळीच्या कडेने युरिया दिला आणि मागोमाग कोळपं चालवून मातीआड केला. नऊ दिवस उशीर झाला होता.

चौथ्या पट्ट्याचा दुसरा डोस १६ सप्टेंबरला, गवत पोटरीत असताना, ओल्या मातीवर दिला.

ओरपणी या वेळी रोजाने ठरली आणि खूण मावशींनीच घालून दिली. बोंडाचा रंग गवती पिवळा झाला आणि हलक्या हाताने ओढल्यावर ते सुटलं तरच घ्यायचं, कणसाला धरून बसलं तर सोडायचं. दव वाळल्यावर सुरुवात करायची. केसाळ बोंडांनी हाताला खाज सुटते, म्हणून सुती हातमोजे आणले. १४ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर अशा पाच फेऱ्या झाल्या. प्रत्येक पट्ट्याचं बी वेगळ्या पोत्यात, चिठ्ठी आत आणि बाहेर दोन्हीकडे. बी सावलीत वाळवलं, चाळलं, उफणलं.

निकाल

वीस गुंठ्यांमागे साफ बी असं निघालं: बिनयुरियाच्या पट्ट्यात ११ किलो, एका गोणीच्या २१, दोन गोण्या एकदाच दिलेल्या २३, आणि दोन गोण्या भागून दिलेल्या पट्ट्यात १७.

नुसतं वजन पाहिलं तर दोन गोण्यांचा पट्टा जिंकतो. वीस गुंठ्यांत दोन किलो जास्त आणि त्यासाठी युरिया अर्धी गोणी जास्त, म्हणजे १३३ रुपये. कोणीही तोच निवडेल. पण सूनबाईंनी सुई काढली. शंभर बोंडांत भरलेली अनुक्रमे ६८, ६४, ५२ आणि ३९.

हे दोन्ही आकडे गुणले की चित्र बदलतं. भरलेल्या बोंडांचं वजन ढोबळ धरलं तर पहिल्या पट्ट्यात साडेसात किलो, दुसऱ्यात साडेतेरा, तिसऱ्यात बारा, चौथ्यात साडेसहा. भागून दिलेल्या दोन गोण्यांनी बिनयुरियाच्या पट्ट्याइतकंही खरं बी दिलं नाही. तो हिशेब वहीत लिहिला तेव्हा नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे तो दुसरा डोस बैलांनी खाल्ला." बी काढल्यावर चौथ्या पट्ट्याचा चारा सगळ्यांत हिरवा होता, त्यामुळे हे अक्षरशः खरं होतं.

शेतात उभं राहूनही फरक दिसत होता. बिनयुरियाचा पट्टा ठेंगणा, कणसं कमी, पण पहिल्या दोन फेऱ्यांतच जवळजवळ सगळं बी आलं. एका गोणीच्या पट्ट्यात ओळीच्या ओळी एकदम पिवळ्या पडल्या आणि मावशींचा हात तिथे भरभर चालला. दोन गोण्यांच्या पट्ट्यात सप्टेंबरअखेर कणसं सर्वांत दाट होती आणि त्याच पट्ट्यावर माझी आशा होती. पण ऑक्टोबरच्या उन्हात पाला दाट असल्यामुळे मुरमावरची ओल तिथे आधी संपली. शेवटच्या दोन फेऱ्यांतली बोंडं हाताला हलकी लागत होती. सुपीक, खोल काळ्या जमिनीत किंवा एखादं पाणी देता आलं असतं तर तिसऱ्या पट्ट्याने दुसऱ्याला मागे टाकलं असतं, असं मला वाटतं. या बरडावर नत्राच्या आधी पाण्याने हद्द आखली. मातीच्या अहवालातला 'नत्र कमी' हा शेरा खोटा नव्हता, पण मातीची खोली त्या कागदावर कुठेच नव्हती आणि मी ती फावड्याने पाहिली नव्हती.

चौथा पट्टा सप्टेंबरच्या शेवटच्या पावसात लोळला. नोव्हेंबरमध्ये पाचवी फेरी झाली तेव्हाही त्यात हिरवी पोटरी होती.

घेणाऱ्या गटाला या वेळी डिसेंबरात माल दाखवताना सोबत बोंडं उघडलेल्या ताटल्या दाखवल्या आणि उगवण मे महिन्यात पाहायची विनंती केली. त्यांनी ती मान्य केली. मे महिन्यातल्या उगवणीनंतर पहिल्या तीन पट्ट्यांचं बी त्यांनी घेतलं. चौथ्याचं नानांनी स्वतःच्या बांधांवर आणि गावच्या गायरानात दाट टाकलं.

वेगळं काय करता आलं असतं

पट्ट्यांची मांडणी चुकली. शेताला उतार आहे आणि चौथा पट्टा सर्वांत खाली आला. तिथे माती थोडी खोल आहे आणि वरचं पाणी झिरपून येतं. लोळण्यात आणि उशिरापर्यंत हिरवं राहण्यात त्या ओलीचाही हात असणार. दहा-दहा गुंठ्यांचे आठ पट्टे पाडून प्रत्येक प्रकार एकदा वर आणि एकदा खाली ठेवला असता तर युरियाचं आणि उताराचं वेगळं करता आलं असतं. एका शेतातला एका हंगामाचा हा निकाल आहे. शेजारच्या शेतकऱ्यांना तो सांगताना मी हे आवर्जून जोडतो.

कापणीची तारीख आम्ही नक्षत्रावर बांधली, पावसाच्या अंदाजावर बांधायला हवी होती. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी हवामान सल्ला येतो. तो पाहून, पुढच्या तीन-चार दिवसांत पाऊस दिसत असताना कापलं असतं तर नऊ दिवसांचा खंड टळण्याची शक्यता होती. आश्लेषा की मघा यापेक्षा कापणी आणि वाफसा यांतलं अंतर महत्त्वाचं. आठवडाभर पुढे-मागे झालं तरी चाललं असतं.

त्या खंडात थांबायला सांगितलं ते बरोबर होतं का, यावर अजून आमच्यात दुमत आहे. नानांचं म्हणणं, थोडा उडाला असता तरी फुटवे सोबत आले असते. माझं म्हणणं, किती उडाला हे कळलंच नसतं आणि मग चार पट्ट्यांच्या तुलनेला अर्थ उरला नसता. प्रयोग नसता, नुसती शेती असती, तरी मी थांबा म्हणालो असतो. पण नानांची बाजू पोकळ नाही.

ओरपणीचे पैसे उक्ते की रोजाने, हा मी दुसऱ्या वर्षी बाजूचा व्यवहार समजलो. बियाण्याचा दर्जा तिथेही ठरत होता. मावशींना हंगामाच्या सुरुवातीलाच बैठकीत बोलावलं असतं तर दुसऱ्या वर्षाचं नुकसान बरंच कमी झालं असतं. कणसावर हात त्यांचा असतो. कुठल्या पट्ट्यात बोंडं हलकी लागतात हे सुईच्या आधी त्यांनी सांगितलं होतं आणि सूनबाईंच्या वहीत ते फेरीनिहाय लिहिलेलं आहे.

पहिल्या अहवालावर मी दिलेल्या सल्ल्याबद्दल एवढंच, की तो देण्याआधी 'नाना, तुम्हाला यातून पाला काढायचाय की बी?' हा एक प्रश्न मी विचारायला हवा होता.

येत्या हंगामासाठी दोन्ही एकरांत एकरी एक गोणी, राखणीच्या कापणीनंतर एकदाच, असं ठरलं आहे. त्यातले दहा-दहा गुंठ्यांचे दोन तुकडे, एक वरचा आणि एक खालचा, दीड गोणीसाठी राखले आहेत, कारण एक आणि दोनच्या मधे काय होतं हे नानांना पाहायचं आहे. तुकड्यांच्या कोपऱ्यांवर त्यांनी चुन्याने रंगवलेले आठ दगड आत्ताच पुरून ठेवलेत. मावशींनी रोज वाढवून मागितला होता, तो कबूल झाला आहे.